मी कुठे नको म्हणालो

माणसाला जनावरापासून वेगळं काढते ती भाषा नव्हे, दोन पायांवरचं चालणं नव्हे, शिजवून खाण्याची सवयही नव्हे. माणसाला माणूस करतो तो आवाजातला चढउतार, असं त्याचं ठाम मत होतं, आणि रेडिओ केंद्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येक निवेदकाला त्याने ते पहिल्याच दिवशी, पाण्याचा घोटही घेऊ न देता ऐकवलं होतं. शब्दांचं काय, शब्द कोशात पडलेलेच असतात. त्यांना उठवायचं, बसवायचं, प्रसंगी लंगडत चालवायचं ते आवाजाने. शेजारच्या कुत्र्याकडे आपल्यापेक्षा जास्त चढउतार आहे हे ध्यानात यायला मात्र त्याला पन्नाशी उलटावी लागली, आणि एक ताप यावा लागला.

ताप उतरला त्या सकाळी तो उशीला पाठ टेकून बसला होता. अंग हलकं, जिभेला धातूची चव, खिडकीतून येणारा उजेड कुणीतरी नुकताच धुऊन वाळत घातल्यासारखा. कपाटावर एक निळी नवी कोरी बॅग दिसत होती. ती तापातही दिसत होती. तेव्हा त्याने तिचा दोष लाल गोळीला दिला होता. आता गोळी बंद होती आणि बॅग होतीच. पण आजारातून उठलेल्या माणसाने पहिला प्रश्न बॅगेबद्दल विचारू नये, चहाबद्दल विचारावा, म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक दिली, "चहा झाला?" आतून बायको म्हणाली, "अरे वा, तुम्ही केलात पण? उठलात कधी? ओता मलाही." आणि हात पुसत बाहेर आली. मग दोघंही काही वेळ एकमेकांकडे, चहा दुसऱ्याकडे असावा अशा आशेने, पाहत राहिली. "मी विचारत होतो," तो म्हणाला. "विचारलंत कुठे? सांगितलंत," ती म्हणाली. आणि तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. घसा बसला नव्हता. आवाज खणखणीत, भरदार, नेहमीचाच होता. फक्त तो हलत नव्हता. 'मी विचारत होतो' ही सात अक्षरं नव्हती, एका फळीवर ओळीने ठोकलेले खिळे होते. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. वर न्यायला गेला तर घशात जिना होता तिथे भिंत लागली. खाली आणायला गेला तर तिथेही तीच भिंत. "काय हे," तो म्हणाला, आणि त्यात ना भीती होती, ना चीड, ना आश्चर्य. दुकानाच्या पाटीवर 'आज बंद' लिहिलेलं असावं तसं ते वाक्य खोलीत लटकत राहिलं.

कान-नाक-घसावाल्या डॉक्टरने नळी घालून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि कौतुकाने म्हणाला, "सुंदर." मग खुलासा केला की स्वरयंत्राचे पडदे सुंदर आहेत, आवाज निर्माण होण्यात काही म्हणजे काही अडचण नाही, पडद्यांना ताण देणारी एक नस आहे, ती तापाने थकली आहे. "सतार आहे, तार आहे, खुंटी फिरत नाही," डॉक्टर म्हणाला. हे त्याने आधीही अनेकांना सांगितलेलं असणार, कारण 'खुंटी' शब्दावर तो सफाईने थांबला होता. "येईल हळूहळू. महिना, दोन महिने. क्वचित नाहीही येत. करता काय तुम्ही?" "रेडिओवर बातम्या वाचतो." डॉक्टर हसला. मग त्याला कळलं की हा विनोद नव्हता, आणि कळलं तरी हसणं मधेच थांबवता आलं नाही. त्याने एक व्यायाम सांगितला. रोज सकाळी ओठ गोल करून 'ऊ' म्हणायचं आणि ते तळापासून वर, वरून तळाला, भोंग्यासारखं फिरवायचं. फिरलं नाही तरी फिरवायचं.

न्हाणीघरात नळ सोडून, टॉवेल खांद्यावर टाकून, तो 'ऊ' म्हणायचा. ऊ जिथे उगवायचा तिथेच मावळायचा. भिंतीपलीकडच्या आवारातला कुत्रा आधी गप्प ऐकायचा, मग न राहवून तोच सूर उचलायचा: खोल घशातून निघून, हळूहळू चढत, वर एक क्षण थरथरत थांबून, विरघळत खाली. शेवटी थोडा दम राखलेला. असं वाचन गेल्या कित्येक वर्षांत केंद्रावर कुणी केलं नव्हतं. साबण हातात धरून तो ऐकत राहायचा, आणि सवयीने कुत्र्याच्या त्या हाकेवर मनातल्या मनात शिसपेन्सिलीच्या खुणा करायचा. ही त्याच्या धंद्याची जुनी खोड. बातमीचा कागद हातात आला की तो आधी खुणा करी: इथे वर जाणारी रेघ, इथे खाली येणारी, इथे उभी रेघ म्हणजे थांबा, दोन उभ्या म्हणजे मोठं माणूस वारलं. त्या खुणांशिवाय त्याला वाचता येत नसे, आणि पुढे पुढे, तसं कुणाला सांगितलं नाही तरी, बोलताही येत नसे. लग्नाची मागणीही त्याने खुणा करूनच घातली होती, दोन उभ्या रेघा चुकीच्या जागी पडल्या आणि बायकोने, म्हणजे तेव्हा अजून बायको नसलेल्या मुलीने, घाबरून विचारलं होतं, "कोण गेलं?"

लग्नानंतर मेहुणीने त्याला 'बातम्या' हे नाव ठेवलं. "ताई, बातम्या आल्या का घरी?" ती फोनवर मोठ्याने विचारायची. तो हसायचा. हसण्यालाही त्याच्याकडे तीन प्रकारचे उतार होते, आणि मेहुणीसाठी राखलेला उतार ऐकला की बायको लगेच फोन आवरता घ्यायची. तो कधी म्हणाला का, फोन ठेव म्हणून? कधीच नाही. हेच तर त्याच्या संसाराचं बळ होतं. तो कधीच नको म्हणाला नव्हता. बायको शाळेत गाणं शिकवायची, मुलांचा वृंद बसवायची. कित्येक वर्षांपूर्वी त्या वृंदाला घेऊन दौऱ्यावर जायचं ठरत होतं. तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "जा की. तुला जावंसं वाटतंय ना, मग जा." कागदावर हे वाक्य उघडून ठेवा, त्यात परवानगीखेरीज काही सापडणार नाही. पण 'ना' वर त्याने एक बारीकसा उतार दिला होता, इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, आणि त्या उतारावरून घरंगळत बायको थेट "राहू दे, पुढच्या वेळी बघू" वर येऊन थांबली. नंतर एकदा सुट्टीतला अभ्यासवर्ग होता. तेव्हा "छानच आहे" मधला 'छा' थोडा लांबवला. बहिणीकडे राहायला जायचं होतं. तेव्हा तर काहीच बोलला नाही, नुसता बोलण्याआधी थांबला. वाद झालाच, तर हातात ब्रह्मास्त्र होतं: "मी कुठे नको म्हणालो?" आणि खरंच, कुठे? शब्दांवर खटला भरता येतो. सुरावर कोण भरणार, आणि साक्षीला कोण उभं राहणार? स्वतःला तो अतिशय उदार नवरा समजत असे, आणि पुराव्याअंती तसा तो होताही.

म्हणून बायकोने परगावचा विषय काढला तेव्हा तो गाफील होता. डॉक्टरकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना, वाटी त्याच्या पुढ्यात सरकवत ती म्हणाली, "अहो, एक विचारायचं होतं. परगावच्या एका संगीत शाळेतून बोलावणं आलंय. मोठा वृंद उभा करायचाय. दोन वर्षं तिथेच राहावं लागेल. जाऊ का?" दोन वर्षं. घर रिकामं, दिवे आपणच लावायचे, आणि सकाळी 'चहा झाला?' हे वाक्य तसंच खोलीभर हिंडून आपल्याकडे परत येणार. इतका मोठा उतार त्याला आयुष्यात कधी द्यावा लागला नव्हता. त्याने खुणा केल्या. 'जा की' वर किंचित वर, मग थांबा, 'तुला जावंसं वाटतंय ना' हे हळूहळू खाली, खाली, आणि 'मग जा' जवळजवळ श्वासात. आणि म्हणाला. ओठ हलले, भिवया हलल्या, मान योग्य अंशात कलली, आणि बाहेर पडलं ते, "जा की. तुला जावंसं वाटतंय ना. मग जा." पोस्टातल्या बाईने पावती द्यावी तसं. बायकोचा घास हातात राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, कान किंचित पुढे करून, मागून काही येतंय का याची वाट पाहत. काही येत नव्हतं. "खरंच?" ती म्हणाली. "खरंच," तो म्हणाला, म्हणजे त्याला म्हणायचं होतं, *खरंच तू हे विचारतेस?*, पण तेही पावतीसारखंच पडलं. आणि बायको हसली. किती वर्षांनी ती अशी आतून हसत होती, आणि त्याच्या एका वाक्यावर! ज्या वाक्यावर ती हसली, ते त्याने म्हटलंच नव्हतं.

आता एकच उपाय होता: सरळ शब्दांत म्हणायचं, *जाऊ नकोस.* सोपं वाक्य, नवशिक्या निवेदकालाही जमेल. पण ते मनात घोळवलं की त्याला अंगावरचे कपडे कुणी काढून नेल्यासारखं व्हायचं. नकोस. म्हणजे नको म्हणणारा माणूस. म्हणजे उद्या मेहुणी चारचौघांत म्हणणार, "बातम्यांनी ताईला जाऊ दिलं नाही," आणि ते खरं असणार, शब्दशः खरं असणार! आयुष्यभर जपलेला उदारपणा असा दोन शब्दांत घालवायचा? त्यापेक्षा नस येऊ दे. बायको जायला अजून अवकाश होता. नस आधी आली तर एक उतार, फक्त एकच, आणि बॅग पुन्हा कपाटावर. तो मन लावून 'ऊ' करू लागला. बायको कौतुकाने बाहेरून विचारायची, "आज काही हललं का हो?"

केंद्रावर त्याला कामावरून काढलं नाही, कारण काढायला कारण लिहावं लागलं असतं. केंद्रप्रमुखाने त्याला बाजारभाव, हवामान आणि धरणांची पातळी दिली. म्हणाला, "तात्पुरतं." ज्या माणसाने युद्धं संपवली होती, सरकारं पाडली होती, आणि भूकंपाच्या वेळी अशा आवाजात धीर दिला होता की भूकंप न झालेल्या गावांनीही आभार मानले होते, तो आता भोपळा वाचत होता. आणि झालं भलतंच. श्रोत्यांचे फोन येऊ लागले. नवीन वाचणारे गृहस्थ कोण? फार बरं वाचतात. एका भाजीवाल्याने तर केंद्रप्रमुखाला स्पष्टच सांगितलं, "आधीचे साहेब भाव सांगायचे तर वाटायचं, कांदा वारला. आम्ही लिहून घेता घेता गहिवरायचो. आता कसं, कांदा म्हणजे कांदा." केंद्रप्रमुखाने हे त्याला आनंदाने सांगितलं. त्या आधीच्या साहेबांना त्यानेच शिकवलं होतं. त्याला संतापायचं होतं. "बरं वाटलं," तो म्हणाला, आणि केंद्रप्रमुखाला ते पटलं.

ट्रान्समीटरवरच्या इंजिनिअरला मात्र त्याच्या दुखण्यात मनापासून रस होता. हा माणूस डबा नेहमी ट्रान्समीटरच्या खोलीतच खायचा, तिथल्या घुंईं आवाजाशिवाय त्याला जेवण जात नसे. "निवेदकसाहेब, तुमची केस सोपी आहे," डब्याचं झाकण उघडत तो म्हणाला. "तुमचा कॅरिअर चालू आहे, मॉड्युलेशन गेलंय." "म्हणजे काय." "प्रश्न विचारताय ना? आवाजावरून कळत नाही आता. हे बघा, हे यंत्र दिवसभर काय सोडतं? एक लहर, तोच कॅरिअर. एकसारखी. तिच्यात बातमी नाही, गाणं नाही, काही नाही. नुसतं ओझ्याचं जनावर. तिच्या पाठीवर तुमचा आवाज लादायचा, म्हणजे तिची उंची तुमच्या आवाजाबरहुकूम कमीजास्त करायची. तेच मॉड्युलेशन. तुम्ही बोलायचं थांबलात तरी लहर जातच असते." "मग तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं." इंजिनिअरने घास तोंडात ठेवून विचार केला. "ऐकू काही येत नाही. पण खरखर थांबते. स्टेशन लागलंय एवढं कळतं. आणि गंमत सांगू? लोकांना वाटतं मॉड्युलेशन जितकं जास्त तितकं चांगलं. पार टोकाला नेलं ना, की लहरच फाटते. मग घरोघरी नुसता चरचराट. माझी निम्मी नोकरी तुमच्यासारख्यांना आवरण्यात गेली." "माझ्यासारख्यांना." "तुमचं ते 'दुःखद निधन' यायचं ना, मी आधीच बटणावर हात ठेवून बसायचो."

घरी बायकोची तयारी चालली होती, आणि तयारी करताना ती गात होती. पूर्वी ती घरात गात नसे, किंवा गात असेल तर तो घरात नसताना. कधी कारण विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. संध्याकाळी वृंदातली मुलं निरोपाच्या सरावाला घरी यायची, बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहायची, आणि तो आतल्या खोलीत उद्याच्या धरणांवर पेन्सिलीने उगाच खुणा करत ऐकायचा. गाण्यात मध्येच पट्टी बदलायची होती आणि मुलं तिथे हमखास कोसळायची. "थांबा, थांबा," बायको म्हणायची. "उडी नाही मारायची. एका पट्टीतून दुसरीत जायचं तर मधे एक सूर असतो, तो दोन्ही घरचा असतो. सासरी पण चालतो, माहेरी पण चालतो. आधी त्याच्यावर नीट उभे राहा. मग पाऊल टाका. कळणार पण नाही, घर बदललं ते." एक मुलगी म्हणाली, "बाई, आणि परत यायचं असेल तर?" "तर तोच सूर. तो कुठे जातोय?" मुलं गायली, सुरावर उभी राहिली, आणि सगळी बैठकीची खोली, खुर्च्या-पडद्यांसकट, अलगद वरच्या पट्टीत सरकली. आतल्या खोलीत त्याच्या घशात काहीतरी टचकन हललं. त्याला वाटलं, हुंदका. सवयीप्रमाणे त्याने तो कसा वाचावा याचा विचार केला, तेवढ्यात तो विरला.

तो हुंदका नव्हता, नस होती. निघण्याच्या दिवशी सकाळी नळ सोडून त्याने 'ऊ' म्हटलं आणि 'ऊ' चालू लागला. आधी चाचपडत, मग पायरी सापडल्यासारखा, मग सरसर वर, वर, आणि तिथून असा रेशमी खाली की त्याच्या अंगावर काटा आला. पलीकडे कुत्रा गप्प झाला. तो आरशात स्वतःकडे बघून हळूच म्हणाला, "जा की." सगळं होतं. सगळं परत आलं होतं. जखम, मोठेपणा, मागे राहिलेल्याचं थोडं दारात उभं राहणं. "तुला जावंसं वाटतंय *ना*." काय तो उतार! असा तर ताप यायच्या आधीही कधी साधला नव्हता. त्याने नळ बंद केला आणि कुणाला काही न सांगता बाहेर आला. वेळ साधायची होती. बातमी आधीच फोडायची नसते.

निळी बॅग दारात उभी होती. बायको चप्पल घालता घालता पंखे, नळ, दुधाच्या पिशव्या यांबद्दल सांगत होती, आणि तो मोजक्या सपाट हुंकारांनी उत्तरं देत होता, घशात गुंडाळून ठेवलेला उतार कोमट लागत होता. खाली टॅक्सीने भोंगा दिला. आता. त्याने श्वास घेतला. थांबला. दोन उभ्या रेघांएवढा थांबला. तेवढ्यात बायकोच बोलली. "एक सांगू? रागावू नका. गेले काही दिवस घरात फार बरं वाटलं. तुमचं दुखणं होतं, असं म्हणू नये. पण तुम्ही काही बोललात की तेवढंच असायचं ते. मला त्याच्या मागे काही शोधावं लागलं नाही. आधी तुम्ही नुसतं मीठ मागितलंत तरी मी दुपारपर्यंत विचार करायची, काय चुकलं आपलं. शाळेत जाऊन मुलांना 'सा' लावायला सांगायची आणि माझं निम्मं लक्ष तुमच्या मिठात." ती हसली, तेच आतलं हसू. "आता पोटात कशी शांतता आहे. मला वाटतं, म्हणूनच मला परत यावंसंही वाटेल."

घेतलेला श्वास त्याच्या छातीत तसाच होता. मीठ? कोणतं मीठ? त्याने आठवून पाहिलं, आणि त्याला आठवलं, अगदी स्वच्छ आठवलं, की 'मीठ दे' मध्येही तो काहीतरी घालत असे. काय ते आता सांगता आलं नसतं, पण घालत असे, हात सैल पडल्यासारखा, घालायची जरूर नसताना. ट्रान्समीटरच्या खोलीत बटणावर हात ठेवून बसलेला इंजिनिअर त्याला दिसला, आणि मग चुलीपाशी तशीच बसलेली बायको दिसली, वर्षानुवर्षं, चरचराट व्हायच्या आत काहीतरी आवरता यावं म्हणून. टॅक्सीने पुन्हा भोंगा दिला. घशात उतार तयार होता. आयुष्यातला सर्वांत देखणा उतार, कधी कुणी ऐकला नसेल असा. 'जाऊ नकोस' हेही तिथेच शेजारी पडलं होतं, धुळीने माखलेलं, कधी न वापरलेलं. त्याने दोन्हींकडे पाहिलं. मग पहिल्या शब्दावरची खूण पुसली, दुसऱ्यावरची पुसली, 'ना' वरची तर दोनदा पुसावी लागली, घशाच्या दोन्ही बाजूंना हात लावून धरल्यासारखा आवाज सरळ धरला, आणि म्हणाला, "जा."

एवढंच. एका अक्षराचं वाचन. पण घाम फुटला. असं अवघड काही त्याने कधी वाचलं नव्हतं. युद्धं याच्यापुढे काहीच नव्हती. आपण काय केलं हे आपल्यालाच ठाऊक, कुणाला कधी कळणारही नाही, या विचाराने त्याला एकदम खूप उंच झाल्यासारखं वाटलं, आणि ती उंची चेहऱ्यावर थोडी दिसावी अशी त्याने तजवीजही केली.

"जातेच आहे," बायको म्हणाली आणि बॅगेची मूठ वर ओढली. "आणि आवाज आलाय तुमचा. नळ सोडला तरी ऐकू येतं बाहेर. आता तरी त्या बिचाऱ्या कुत्र्याला झोपू द्या."

तो पायऱ्यांवर तिच्यामागून दोन पावलं उतरला. "म्हणजे तुला कळलं होतं," तो म्हणाला, आणि यावेळी शेवटी आवाज आपोआप वर गेला. "मग समजा, मी वेगळं काही म्हणालो असतो तर?"

बायको वळणावर थांबली. उत्तर देताना तिचा आवाज ना चढला, ना उतरला.

"अहो, विचारायची पद्धत असते म्हणून विचारलं. मी त्यांना हो कळवून टाकलं, तेव्हा तुम्ही तापात होतात."